नातवाचा खेळ आणि आमचे माप

नाताळापूर्वीच्या एका शनिवारी काही किरकोळ खरेदीसाठी आम्ही बर्डीवर गेलो होतो. सीताबर्डीचा मुख्य रस्ता त्या दिवसांत कसा फुललेला असतो, हे नागपूरकरांना सांगावयास नको. मेट्रोच्या पुलाखालून वाट काढीत आम्ही एका मोबाइलच्या दुकानापाशी आलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक ओळखीचे दांपत्य तेथे दिसले. सोबत त्यांचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. नाताळची भेट म्हणून त्याला हँडसेट घ्यावयाचा होता. दुकानदार मोठ्या उत्साहाने म्हणाला, "घेऊन टाका काका, यात गेम अजिबात अडकणार नाही!" हे वाक्य ऐकताच मुलाचा चेहरा उजळला आणि आईचा उतरला. आम्हाला पाहून ती माऊली म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा. हे इंटरनेटवरचे खेळ मुलांना खेळू द्यावेत की नाही? आणि द्यावेत, तर कोणते?"

आयुष्यभर गणित शिकविल्यामुळे प्रत्येक प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर असते, असा पुष्कळांचा समज आहे. त्या दिवशी मात्र आम्ही गप्प राहिलो. "सवडीने सांगतो," एवढे बोलून आम्ही तेथून निघालो. गप्प राहण्याचे कारण असे, की या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा फार घाईने दिले होते आणि ते चुकले होते. ती चूक सांगितल्याविना पुढचे काही सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणून प्रथम तीच सांगतो.

सन २०२०च्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. नागपुरात साथीने उग्र रूप धारण करावयास सुरुवात केली होती. चर्चची दारे बंद होती. रविवारची पवित्र मिस्सा आम्ही घरातच, टेबलावर मेणबत्ती लावून, मोबाइलच्या पडद्यावर पाहत होतो. आमचा नातू तेव्हा आठवीत होता. दिवसा त्याची शाळा त्याच मोबाइलवर भरे आणि रात्री नऊच्या सुमारास तो कानांना हेडफोन लावून 'पबजी' नावाच्या खेळात रंगून जाई. त्या खेळात शंभरजण एका बेटावर उतरतात, चार-चारांच्या तुकड्या करून परस्परांशी लढतात आणि शेवटी जी तुकडी उरेल ती जिंकते, एवढे आम्हाला ऐकून ठाऊक होते. त्यातील बंदुका पाहून आमच्या मनात तिटकारा उत्पन्न झाला होता. ज्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजांत खरे रक्त सांडले, त्या टेकडीच्या पायथ्याशी राहून आमच्या घरातल्या मुलाने खोट्या लढाईत रात्री घालवाव्यात, याचा आम्हाला विषाद वाटे.

आमच्या घरी रात्री साडेनऊला जपमाळेची प्रार्थना होते. त्या रात्री आम्ही दोन वेळा हाक मारली. दोन्ही वेळा आतून उत्तर आले, "दहा मिनिटं आजोबा, फक्त दहा मिनिटं!" तिसऱ्या खेपेस आम्ही उठलो, खोलीत गेलो, त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि बंद केला. तो काही सांगू पाहत होता. आम्ही ऐकले नाही. उलट, "देवापेक्षा तुला गोळीबार प्रिय झाला का?" असे कठोर शब्द बोललो. मग सर्वजण गुडघे टेकून बसलो. त्या रात्रीच्या जपमाळेचा हेतू आम्हीच सांगितला होता : साथीने आजारी पडलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी. नातवाने एकही शब्द उच्चारला नाही. खाली मान घालून तो मणी तेवढे सरकवीत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या पत्नीने आम्हाला खरी हकिगत सांगितली. तो आजीपाशी रात्री रडला होता. त्याच्या चौघांच्या तुकडीतला एक मुलगा त्याच्याच वर्गातला. त्या मुलाचे आईवडील दोघेही साथीने आजारी पडून रुग्णालयात होते. घरी तो आणि त्याची वृद्ध आजी एवढीच माणसे. दाराशी कोणी जाऊ शकत नव्हते. तेव्हा उरलेल्या तिघांनी आपसात ठरविले होते, की रोज रात्री नऊ वाजता याच्यासोबत खेळावयाचे. कारण रात्र पडली की त्याला भीती वाटते. खेळता खेळता ते चौघे बोलत. आईला आज ताप किती होता, वडिलांचा फोन आला का, आजीने काय शिजविले, हे सारे त्या गोळीबारामधून चाले. आम्ही मोबाइल बंद केला तेव्हा तो मुलगा आपल्या वडिलांना ऑक्सिजन लावल्याची बातमी सांगत होता.

वाचकहो, आजारी माणसाच्या कुटुंबासाठी प्रार्थना करावयाची म्हणून आम्ही त्या कुटुंबातल्या एकाकी मुलाचा हात सोडवून घेतला होता. ज्या पडद्यावर आम्ही मिस्सा पाहत होतो आणि तो प्रार्थनेचा मेळा खरा आहे असे मानत होतो, त्याच पडद्यावर चार मुलांनी जमविलेला मेळा आम्ही खोटा ठरविला होता. ज्या मापाविषयी प्रभू येशूने आपल्याला सावध केले आहे, ते माप आमच्या हाती दोन प्रकारचे होते : एक स्वतःसाठी आणि दुसरे नातवासाठी.

आम्ही नातवाची क्षमा मागितली. वडीलधाऱ्या माणसाला हे अवघड जाते, हे कबूल केले पाहिजे. त्याने मान हलविली. परंतु मन मोकळे झाले नाही. ते मोकळे झाले आठवडाभराने आणि तेही एका खेळामुळेच.

त्या वर्षी साथीमुळे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड प्रथमच इंटरनेटवर भरविण्यात आले होते. दीडशेहून अधिक देशांचे संघ, प्रत्येक खेळाडू आपापल्या घरी आणि पट पडद्यावर. भारताच्या संघाचे नेतृत्व आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीकडे होते. गोव्याची भक्ती कुलकर्णी संघात होती आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुखही होती. आपल्या गावची, आपल्याच वयाची मुलगी जगाशी खेळते आहे, म्हणून नातू तो सामना पाहावयास बसला आणि आम्हीही शेजारी जाऊन बसलो. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना झाला. पहिल्या फेरीतले सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या फेरीत डाव रंगात आला असताना जागतिक इंटरनेट सेवेत बिघाड झाला. निहाल सरीन आणि दिव्या यांचा संपर्क तुटला, घड्याळ मात्र चालतच राहिले आणि वेळ संपल्याने दोघेही हरल्याची नोंद झाली.

नातू पडद्याकडे पाहत हळूच म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी असंच झालं होतं. माझं नेट गेलं असं त्यांना वाटलं. ते माझी वाट बघत राहिले."

आम्ही काही बोललो नाही. त्याचा हात हाती घेतला, एवढेच.

भारताने दाद मागितली. चौकशीअंती जागतिक बुद्धिबळ महासंघाने दोन्ही देशांना संयुक्त विजेते जाहीर केले. सर्वत्र आनंद झाला. तथापि नातवानेच आम्हाला एक गोष्ट दाखवून दिली. दोनच दिवसांपूर्वी उपान्त्यपूर्व सामन्यात आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क भारताविरुद्ध खेळताना असाच तुटला होता. त्यांची दाद फेटाळली गेली आणि त्या संघाने निषेध म्हणून पुढे खेळण्यास नकार दिला. "तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या," नातू म्हणाला. दोन मापांची गोष्ट त्या पोराला आमच्या आधी उमगली होती. हारजीत, न्याय, दुसऱ्याचे दुःख, यांविषयी नातवाशी आमचे जे बोलणे त्या संध्याकाळी झाले, ते वर्षानुवर्षे केलेल्या उपदेशातून झाले नव्हते.

तेव्हापासून आम्ही त्याचे शिष्य झालो. खेळ समजून घ्यावयाचे ठरविले आणि गणिताच्या मास्तराच्या सवयीप्रमाणे वहीत नोंदी केल्या. त्या नोंदींच्या आधारे आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे वळतो.

पहिली गोष्ट अशी, की हे खेळ मध्येच थांबविता येत नाहीत. पत्त्यांचा डाव पालथा घालून जेवावयास उठता येते. येथे पलीकडे जिवंत माणसे असतात आणि आपण उठलो की आपल्या सोबत्यांचा डाव मोडतो. पबजीसारख्या खेळाचा एक डाव साधारण अर्धा तास चालतो. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" असे म्हणण्याऐवजी "हा डाव संपला की ये, दुसरा सुरू करू नकोस" असे म्हणावे. एवढ्या एका वाक्याने आमच्या घरातली निम्मी भांडणे मिटली. जपमाळ आता पावणेदहाला सुरू होते.

खेळांची निवड करावयाची, तर आम्ही पहिला मान बुद्धिबळाला देतो. 'लिचेस' हे संकेतस्थळ २०१०पासून चालू असून ते सर्वस्वी विनामूल्य आहे आणि त्यावर जाहिरातही नाही. 'चेस डॉट कॉम'वरही पैसे न देता खेळता येते. आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी यंत्र शोधून देते, डाव किती मिनिटांचा हे आधीच ठरते आणि डाव संपल्यावर चूक कोठे झाली तेही पाहता येते. चूक पाहण्याची सोय असलेला खेळ मुलांच्या हाती असावा, असे आम्हाला वाटते. दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी आम्हाला २०२०ची ती तुटलेली संध्याकाळ आठवल्यावाचून राहिली नाही.

दुसरा खेळ लुडो. पचिशीचा हा वंशज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लुडो झाला आणि 'लुडो किंग' या नावाने नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६मध्ये त्याला मोबाइलवर आणले. टाळेबंदीत देशभरातील घराघरांत तो पोहोचला. त्यात खासगी खोली उघडून तिचा क्रमांक आपल्याच माणसांना कळविता येतो, म्हणजे अनोळखी कोणी मध्ये येत नाही. आजी, आत्या आणि सहा वर्षांचे नातवंड एकाच पटावर बसू शकेल, असा यासारखा दुसरा खेळ नाही.

तिसरा 'माइनक्राफ्ट'. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २०११मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. यात ठोकळे खणून काढावयाचे आणि त्यांतून घरे, पूल, गावे उभारावयाची. आमच्या नातवाने आणि वसईच्या नातीने मिळून त्यात एक चर्च बांधले. घंटाघर कोणी बांधावयाचे यावरून दोघांचे भांडण झाले, तीन दिवस बांधकाम थांबले आणि मग समेट होऊन दोन घंटाघरे झाली! रॉबर्ट बॅलेसर या येशूसंघीय धर्मगुरूंनी २०१९मध्ये व्हॅटिकनमधून याच खेळाचा एक सर्व्हर सुरू केला होता. शिवीगाळ आणि दांडगाई यांपासून मुक्त अशी जागा तरुणांना मिळावी, हा त्यामागील हेतू. परक्या मुलांशी सौजन्याने वागण्याची शाळा खेळातही भरविता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

'अमंग अस' हा खेळ २०१८चा. परंतु गाजला २०२०मध्ये. अंतराळयानातल्या सोबत्यांमध्ये लपलेला घातपाती कोण, हे चर्चेने आणि मतदानाने शोधावयाचे. यात घातपात्याला खोटे बोलावे लागते. थोरल्या मुलांना तो जमेल. लहानांच्या बाबतीत थट्टेतले खोटे आणि खरे खोटे यांतला भेद त्यांना कळतो की नाही, हे आईवडिलांनी पाहावे.

राहता राहिला लढाईचा खेळ. पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातली. पुढे जुलै २०२१मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आला, २०२२मध्ये दुकानांतून काढला गेला आणि २०२३मध्ये परतला. १८ वर्षांखालील मुलांसाठी त्यात दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवण्यात आली. आमच्या मते तीन तास ही देखील मर्यादा नव्हे, चैन आहे. आम्ही या खेळाची शिफारस करीत नाही. लहान मुलांच्या हाती तो देऊच नये. परंतु जो मुलगा तो खेळतोच आहे, त्याला झिडकारण्यापूर्वी तो कोणासोबत खेळतो आणि काय बोलतो, हे शेजारी बसून एकदा ऐकावे, एवढी विनंती मात्र करतो. ते ऐकले असते, तर आमच्या हातून ती चूक घडली नसती.

पैशांच्या बाबतीत आम्ही कठोर आहोत आणि कठोरच राहणार. ज्यात पैसे लावून पैसे मिळविण्याचे आमिष असते, तो खेळ नसून जुगार आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून असे पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ त्यांपासून वेगळे काढले, हे उत्तम झाले. तथापि फुकट म्हणविणाऱ्या खेळांतही पोशाख, हत्यारे, सजावट विकत घेण्याचा मोह पदोपदी ठेवलेला असतो. म्हणून बँकेचे कार्ड त्या मोबाइलशी जोडू नये, आणि अनोळखी माणसाला आपले नाव, शाळा, छायाचित्र देऊ नये, हे मुलांना समजावून सांगावे.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती कुटुंबाने खेळांच्या एवढ्या नादी का लागावे? संत थॉमस अक्वायनस यांनी क्रीडेतील संयम आणि प्रसन्नता यांची गणना सद्गुणांत केली आहे. त्यांनी संत योहानाची एक जुनी आख्यायिका दिली आहे. योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असता काहींना ते रुचले नाही. तेव्हा त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला योहानाने बाण सोडावयास सांगितले. त्याने पुष्कळ बाण सोडल्यावर योहानाने विचारले, की असे सतत करता येईल का? तो म्हणाला, तसे केल्यास धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, हे त्या आख्यायिकेचे तात्पर्य.

आणि धनुष्य कायमचेच सैल ठेवले, तर बाण सुटणार नाही, हेही तितकेच खरे. त्याची साक्ष आपल्या काळातला एक तरुण संत देतो. कार्लो अकुतिस १९९१मध्ये जन्मला आणि १५व्या वर्षी, १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद बहाल केले. संगणकात निपुण असलेल्या या मुलाला व्हिडिओ गेम आवडत. परंतु आठवड्याला एक तास, एवढाच वेळ त्याने स्वतः होऊन त्यासाठी ठरविला होता. ही मर्यादा कोणी त्याच्या हातातून यंत्र हिसकावून घालून दिलेली नव्हती, हे आम्हा वडीलधाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. आतून आलेली मर्यादा टिकते. हिसकावून घातलेली मर्यादा आम्ही पाठ फिरविली की संपते.

असो. त्या मित्राची हकिगत सांगावयाची राहिली. त्याची आई बरी होऊन घरी आली. वडील परतले नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. अंत्यविधीला कोणालाच जाता आले नाही. त्या रात्री चौघे मुले पडद्यावर जमली. पण खेळली नाहीत. नातू तासभर हेडफोन लावून नुसता बसून होता. आम्ही जपमाळेसाठी हाक मारली नाही. त्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून आम्ही आणि त्याच्या आजीने तेथेच ती म्हटली. पुढे नोव्हेंबरमध्ये चर्चची दारे उघडल्यावर पहिल्याच पापनिवेदनात आम्ही ऑगस्टमधली ती रात्र सांगितली.

आता नातू शिक्षणासाठी पुण्यात असतो. रविवारी मिस्सेहून परतलो की आमच्या मोबाइलवर त्याचा निरोप येतो. त्यात लुडोच्या खोलीचा क्रमांक असतो. हिरवा रंग आजीचा, पिवळा आमचा, निळा नातवाचा. चौथा, तांबडा रंग त्याच्या त्या मित्राचा. तो आम्हालाही आजोबाच म्हणतो आणि आमच्या सोंगट्या निर्दयपणे मारतो. कधी त्याला यावयास उशीर झाला, तर आम्ही तिघेही थांबतो. त्याच्यावाचून डाव सुरू होत नाही.

त्या माऊलीला आमचे उत्तर एवढेच : खेळू द्यावे, काय खेळतो ते पाहावे, आणि कोणासोबत खेळतो, हे विचारावयास विसरू नये.